गाडीची उंची कोण ठरवतं? स्प्रिंग, शॉकअप आणि कुंभाराचं गाढव

(रेणापूर इथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय ऐकून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं गाडीच्या स्प्रिंगवर बोलायचं म्हणजे काय, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण आम्ही आयुष्यभर वर्गात एकच गोष्ट शिकवली. एखादी घटना घडली तर तिचं कारण कोणतं, आणि नुसतं सोबत असलेलं कोणतं, हे वेगळं करायचं. ते आम्हाला फळ्यावर येत होतं. स्वतःच्या गाडीपाशी आल्यावर आलं नाही. त्या चुकीतून जे शिकलो ते आज सांगणार आहोत, कारण ती चूक या सभागृहात बसलेल्यांपैकी बरेच जण करतात.

आधी आपल्या भागाबद्दल दोन शब्द. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दर वर्षी थोडा उठतो, थोडा खचतो. त्यात गाव आलं की ब्रेकर, शाळा आली की ब्रेकर, कुणाच्या दारात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मुरूम-डांबराचा आणखी एक ब्रेकर. लातूरहून निघून पिंपळफाट्याला येईपर्यंत आपण किती वेळा गिअर बदलतो ते मोजून बघा. अशा रस्त्यावर शहरी बनावटीची बुटकी गाडी चालवणाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, "गाडी टेकते हो!" आणि लगेच कुणीतरी सांगतो, "शॉकअप बदला, गाडी वर येईल." नाहीतर, "स्प्रिंगमध्ये रबर टाका, दोन बोटं उचलून मिळेल."

या दोन सल्ल्यांत किती खरं आहे ते आता पाहू.

गाडीचं वजन कोण पेलतं? स्प्रिंग. जुन्या टांग्याला कमानी होत्या, जीपला पाटे असतात, आजच्या मोटारीला वेटोळ्याची स्प्रिंग असते. रूप वेगळं, काम एकच. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७८ साली या कामाचा नियम छापून प्रसिद्ध केला: जेवढा भार, तेवढी दब. भार दुप्पट केला तर दब दुप्पट. एवढ्या एका नियमावर गाडीची उंची काढता येते.

समजा, एका चाकावरच्या स्प्रिंगवर २५० किलो भार आहे आणि ती स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला २ किलो लागतात. म्हणजे ती १२५ मिलिमीटर दबणार. मोकळी असताना ती ३५० मिलिमीटर लांब असेल, तर गाडीखाली ती २२५ मिलिमीटरवर उभी राहील. गाडीची उंची म्हणतात ती या उभ्या राहिलेल्या लांबीवरून ठरते. मागं तीन माणसं बसली की भार वाढतो, स्प्रिंग आणखी दबते, गाडी खाली येते. म्हणून माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारावा, हा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या? आपण रिकामी गाडी घेऊन फारसं कुठं जात नाही.

आता शॉकअप. ते वजन पेलत नाही. त्याच्या नळीत तेल असतं, दट्ट्याला बारीक छिद्रं असतात, आणि तेल त्या छिद्रांतून जायला वेळ घेतं. त्यामुळे स्प्रिंगचा हेलकावा लवकर विरतो. स्प्रिंग एकटी असती तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढचे पाच-सहा झोके घेत राहिली असती. पाट्यांच्या गाडीत पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानंच हेलकावा थोडा मरतो. वेटोळ्याच्या स्प्रिंगला तसं घासणं नाही, म्हणून तिला शॉकअपची गरज जास्त. गॅसचा दाब असलेलं नवं शॉकअप गाडीला किंचित वर धरतं, हे खरं. पण ते किंचितच. बसलेली गाडी त्यानं उभी राहत नाही.

इथं आम्हाला नैयायिकांची आठवण होते. न्यायशास्त्रात कारणाची व्याख्या करताना एक अट घातली आहे. कार्याच्या आधी नेमानं असणं पुरेसं नाही, ते 'अन्यथासिद्ध' नसावं लागतं. अन्यथासिद्ध म्हणजे जे तिथं हजर आहे, पण ज्याच्यावाचून कार्याचं काही अडत नाही. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेद' या ग्रंथात याचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि शेवटचं उदाहरण आहे कुंभाराच्या गाढवाचं. घडा घडायच्या आधी गाढव माती घेऊन आलं, हे खरं. पण माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. गाढव घड्याचं कारण नव्हे.

गाडीच्या उंचीच्या बाबतीत शॉकअप हे कुंभाराचं गाढव आहे. स्प्रिंगच्या शेजारी दिसतं, पुष्कळ गाड्यांत तर स्प्रिंगच्या आतच बसवलेलं असतं, म्हणून आपण त्याला कारण समजतो. पण लक्षात घ्या, त्याच शॉकअपला गाडी स्थिर राहण्याच्या बाबतीत गाढव म्हणता येणार नाही. तिथं ते खरं कारण आहे. एकच वस्तू एका कार्याला कारण असते, दुसऱ्याला नसते. म्हणून "कारण काय?" असा अर्धा प्रश्न विचारू नये. "कशाचं कारण?" असा पूर्ण विचारावा.

आता आमची गोष्ट. आमची गाडी लहान, डिकीची, दहा वर्षांची. नातवंडं आली आणि मागची सीट भरली की वाटेतल्या एका ब्रेकरवर खालून खर्रकन आवाज यायचा. आम्ही एका मिस्त्रीकडे गेलो.

"कुठं टेकती, सर?"

आम्ही म्हणालो, "मधे किंवा मागं. मागं माणसं बसली की टेकते."

"मग मागच्या स्प्रिंगला रबर टाकून देतो. काय होत नाही."

त्यानं आम्ही सांगितलं त्यावरून उपाय केला. आम्ही वाकून गाडीखाली पाहिलं नव्हतं. ही पहिली चूक आमची.

ते रबर काय करतं? स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये रबराची जाड कडी अडकवतात. समजा स्प्रिंगची सहा वेटोळी काम करतात. १२५ मिलिमीटर दब सहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २१ मिलिमीटर. एक जागा अडवली की ते २१ मिलिमीटर वाचले, म्हणजे गाडी एक बोट वर आली. हिशेब चोख आहे. पण सहाचं काम आता पाच जणं करतात, म्हणून स्प्रिंग २० टक्के कडक झाली. वेटोळ्याच्या ज्या भागावर रबर दाबतं तिथं ताण वाढला. आणि शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या मापाचंच राहिलं. कडक स्प्रिंग जोरात उसळते, तिला आवरायला शॉकअपही तेवढं जोरकस हवं. ते नसेल तर खडबडीत रस्त्यावर मागची बाजू उड्या मारते. सौ. म्हणाल्या, "आधी गाडी टेकत होती, आता कंबर टेकते." आम्ही हसून सोडून दिलं. ही दुसरी चूक.

ब्रेकरवरचा आवाज तर थांबलाच नाही.

मग उसाच्या हंगामातली एक संध्याकाळ. अंधार पडलेला, रिमझिम पाऊस, वेग साठच्या आसपास. पुढे उसानं भरलेली ट्रॉली, मागं दिवा नाही. ती आम्हाला दिसली तेव्हा फार जवळ आलेली होती. ब्रेक दाबला, गाडीची मागची बाजू थडथडत एका अंगाला सरकली, आणि ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या वाढ्यांपासून दोन हातांवर आम्ही थांबलो. मागच्या सीटवर दोन नातवंडं होती. त्या रात्री झोप आली नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता ही ट्रॉलीवाल्याची चूक, पण ती इतकी उशिरा का दिसली?

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. तो हिशेब तुम्हालाही मांडून दाखवतो.

गाडीचा दिवा जमिनीपासून सुमारे ६५ सेंटीमीटरवर असतो. डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून थोडा खाली झुकवलेला असतो, साधारण दर शंभराला एक. म्हणजे ६५ मीटरवर तो जमिनीला टेकतो. आता मागची बाजू २१ मिलिमीटर उचलली. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर. म्हणजे सगळी गाडी दर शंभराला जवळजवळ ०.८४ नं पुढे झुकली. दिव्याचा उतार एकवरून १.८४ झाला. आता झोत कुठं टेकेल? ३५ मीटरवर. एक बोट उचललं आणि तीस मीटर उजेड गेला!

ताशी साठच्या वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर जाते. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी २३ मीटरच्या आसपास लागतात. एकूण चाळीस. उजेड पस्तीस मीटरचा, थांबायला चाळीस मीटर, आणि रस्ता ओला. आम्ही वाचलो ते हिशेबानं वाचलो नाही.

कुणी म्हणेल, दिव्याची पातळी बदलायचं चक्र डॅशबोर्डवर असतं की. असतं, पण ते मागं ओझं भरल्यावर दिवा खाली आणण्यासाठी. शून्यावर तो सगळ्यात वर असतो, त्याच्या वर ते चक्र नेत नाही. दिव्याच्या मागच्या स्क्रूनं नव्यानं पातळी लावून घ्यावी लागते. रबर टाकताना ते कुणी करत नाही. उलट पुढची बाजू उचलली तर झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि धोका त्याच्या वाट्याला येतो.

मग आम्ही लातूरला दुसऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यानं आधी काही विचारलं नाही, गाडी रॅम्पवर घेतली. खाली बोट दाखवून म्हणाला, "हे बघा सर, खरचटलंय कुठं." घासल्याच्या खुणा पुढे होत्या, इंजिनाचं तेल साठतं त्या चेंबरच्या पत्र्यावर. मग त्यानं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून चारही चाकांची मापं घेतली. चाकाच्या मध्यापासून का, तर टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी माप चुकत नाही. पुढची डावी बाजू बोटभर खाली. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं तुटलेलं, आणि उजवीकडची जुनी होऊन बसलेली. म्हणजे नाक आधीच खाली गेलेलं, आणि आम्ही शेपूट उचललेली. दिवे मंद झाले ते बल्ब जुने झाल्यामुळे, असं आम्ही वर्षभर समजत होतो.

त्यानं मागची रबरं काढली, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मूळ मापाच्या नव्या घातल्या. जोडीनं घातल्या, कारण एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी तिरपी उभी राहते. चाकांची अलाइनमेंट केली, दिवे लावून दिले. गाडी आपल्या जुन्या उंचीला आली. आम्ही उंची वाढवायला निघालो होतो, पण ती हरवली होती, आणि हरवलेली वस्तू आधी शोधायची असते.

आता कुणी म्हणेल, सर, आमच्या स्प्रिंगा चांगल्या आहेत, तरी टेकते, आम्हाला खरंच उंची हवी आहे. ठीक. बाजारात काय मिळतं आणि त्याचं काय होतं ते क्रमानं सांगतो.

पहिला मार्ग, स्ट्रटच्या माथ्यावर, म्हणजे बॉडी आणि स्ट्रट यांच्यामध्ये, ठोकळा बसवणं. यात स्प्रिंग तशीच राहते, म्हणून गाडी कडक होत नाही. पण चाक पूर्वीपेक्षा खाली लोंबतं. पुढच्या चाकांना फिरवणारा ॲक्सल जास्त तिरका चालतो, त्याचे सांधे आणि रबरी बूट लवकर जातात.

दुसरा मार्ग, स्प्रिंगच्या बैठकीखाली ठोकळा. यात शॉकअप आधीच ताणलेलं उभं राहतं. खड्ड्यात चाक खाली जायला जागा कमी उरते आणि शॉकअप शेवटाला ठोकर खातं.

तिसरा मार्ग, लांब किंवा जाड तारेची स्प्रिंग. इथं सावध राहा. तारेची जाडी दहा टक्क्यांनी वाढवली तर कडकपणा दहा नव्हे, सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे चालतो. "थोडी जाड टाकतो" या शब्दांत किती अर्थ भरला आहे ते बघा.

चौथा मार्ग, कॉइलओव्हर. शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची बैठक फिरवून वर-खाली करता येते. बैठक वर केली की स्प्रिंग कडक होते, असा समज आहे. तो चुकीचा. स्प्रिंगवर गाडीचा भार तोच, म्हणून दब तीच, गाडी फक्त तेवढी वर सरकते. महाग, पण स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेले मिळतात, हा त्याचा गुण.

मार्ग कोणताही घ्या, गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. तो ५५ सेंटीमीटरवर असेल आणि आपण चार सेंटीमीटर उचलली, तर वळणावर आणि ब्रेक लावताना एका बाजूकडून दुसरीकडे सरकणारं वजन सात टक्क्यांनी वाढतं. त्यानं गाडी लगेच उलटत नाही, पण संकटाच्या वेळची शिल्लक तेवढी कमी होते. जुनी काळी-पिवळी आठवा. कमांडर, ट्रॅक्स यांना जादा पाटा टाकून माणसं कोंबायचे. पाटा वजन पेलायचा, वळण तो सांभाळत नव्हता. शिवाय काही मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर मागच्या बाजूच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

कायदाही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला शिक्षा सांगितली आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. स्प्रिंगचं माप नोंदणीपुस्तकात लिहिलेलं नसतं, म्हणून काहीही चालतं असा अर्थ काढू नका. मूळ मापाची स्प्रिंग घालणं ही दुरुस्ती. गाडी उचलणं हा बदल. बदल करण्याआधी आरटीओला विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

शेवटचा मुद्दा. आमची गाडी दुरुस्त झाली, तरी भरल्या गाडीनं एका ब्रेकरवर ती अजून टेकायची. आम्ही पट्टी आणि दोरी घेऊन तो ब्रेकर मोजला. उंची १७ सेंटीमीटर, रुंदी ७० सेंटीमीटर. आता इंडियन रोड्स काँग्रेसचं माप बघा. गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा, ताशी २५ च्या वेगासाठी. अशा रुंद उंचवट्यावर अडीच मीटर अंतराची चारही चाकं एकदम चढतात. मग दोन चाकांच्या मधोमध रस्ता किती वर येतो? गणित केलं तर साडेचार-पाच सेंटीमीटर. म्हणजे नियमातल्या ब्रेकरवर, हळू गेलं तर, कोणतीही साधी गाडी टेकूच शकत नाही. आणि आमच्या वाटेवरच्या ब्रेकरवर चाकं दोन बाजूंना उतरतात आणि सबंध १७ सेंटीमीटरचा बांध गाडीच्या पोटाखाली येतो. एक बोट रबरानं तिथं काय होणार?

तेव्हा आमची गाडी टेकत होती त्याची कारणं दोन होती, तुटलेली स्प्रिंग आणि बेमाप ब्रेकर. पहिलं कारागिरानं दूर केलं. दुसऱ्यासाठी आम्ही मापं आणि फोटो जोडून संबंधित कार्यालयात अर्ज दिला आहे, पोच जपून ठेवली आहे. रस्त्याचा दोष प्रत्येकानं आपापल्या गाडीत दुरुस्त करत बसायचं, तर गाड्या उंच होत जातील आणि ब्रेकरही. आणि ज्याच्याकडे दुचाकी आहे, त्यानं काय उचलायचं?

मंडळी, घरी गेल्यावर एवढं करा. सपाट जागी गाडी उभी करा, टायरची हवा तपासा, डिकीतलं नको ते ओझं काढा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत चारही बाजूंना माप घ्या आणि वहीत लिहून ठेवा. खाली वाकून खरचटल्याची खूण शोधा. रात्री भिंतीवर दिव्याचा झोत पाडून बघा. मग मिस्त्रीकडे जा.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, स्प्रिंगला हात न लावता मोठे टायर टाकले तर?")

चांगला प्रश्न. टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मी उंची मिळते. टायर तीन टक्के मोठा केला तर काटा साठ दाखवील तेव्हा गाडी जवळजवळ बासष्टनं पळत असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो का, तेही बघावं लागेल. कंपनीनं त्याच गाडीसाठी सांगितलेल्या मापांपैकी मोठं माप असेल तर जरूर घ्या. त्याच्या बाहेर जाऊ नका. आणि तेही आधी गाडीखाली वाकून बघितल्यावरच. आम्ही ते न बघता गेलो होतो, म्हणून सांगतो.